लायनफिशच्या टाकीत लहान मासे सोडताना



आजचा विषय खाऱ्या पाण्याच्या टाकीचा आहे, आणि त्यातही एकाच प्रश्नाचा. टाकीत एखादा शिकारी मासा आधीपासून राहतोय. लायनफिश असेल, ट्रिगर असेल, हेकरूचं पिल्लू असेल, नाहीतर आपल्या वामच्या जातकुळीतली मोरे ईल असेल. आता त्याच टाकीत दोन-चार लहान, रंगीत मासे सोडायची इच्छा झाली आहे. सोडावेत का, आणि सोडायचेच तर कसे?

मी बंगळुरूला इंदिरानगरमध्ये राहते. इथून समुद्र चेन्नईकडे गेलं तरी आणि मंगळुरूकडे गेलं तरी रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे इथल्या टाकीतला समुद्र आपणच बनवायचा असतो. आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवायचं. ४५० लिटरच्या टाकीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं, तर दीड किलोच्या वर मीठ लागतं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की आरओचं फिल्टर लवकर संपतं, ते वेगळंच. हे एवढ्यासाठी सांगते, की इथे मासा चुकीच्या टाकीत गेला तर त्याला हलवायला दुसरी टाकी सहसा तयार नसते. आणि बरणीत भरून समुद्रात सोडून देणं तर कुठेही करायचं नाही, मग तुम्ही मालवणला राहत असा की मुंबईला. त्याचं कारण पुढे येईलच.

शिकारी हा शब्द आपण सरसकट वापरतो, तिथेच घोळ होतो. टाकीत लहान माशाला दोन वेगवेगळे धोके असतात. एक खाणाऱ्याचा आणि दुसरा मारणाऱ्याचा. लायनफिश, फ्रॉगफिश, हेकरू हे खाणारे. त्यांना नव्या माशाचा राग नसतो, द्वेष नसतो. त्यांच्या लेखी तो घास आहे. डॉटीबॅक, डॅमसेल, मरून क्लाउन, बरेचसे ट्रिगर हे मारणारे. त्यांना भूक नसते, त्यांना हद्द राखायची असते. डॉटीबॅक जेमतेम बोटाएवढा, त्याच्या तोंडात क्लाउनफिश मावणारच नाही. पण तो त्याला कोपऱ्यात धरून कल्ले फाटेपर्यंत छळू शकतो. ट्रिगरसारखे काही दोन्ही करतात.

हा फरक मी एवढा ताणून सांगते, कारण लहान मासे सोडण्याच्या ज्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात, त्यातल्या बहुतेक मारणाऱ्यांसाठी आहेत. दगडांची मांडणी बदला, काचेला आरसा लावा, दिवे घालवून अंधारात सोडा, एकटा न सोडता तीन-चार एकदम सोडा. या सगळ्यांचा हेतू एकच, हद्दीचं भांडण विस्कटून टाकणं. मांडणी बदलली की जुन्या माशाला स्वतःची हद्द नव्याने आखावी लागते. आरशातल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात त्याचे दोन दिवस जातात. खाणाऱ्यावर यातली एकही युक्ती चालत नाही. लायनफिशला हद्दच नसेल तर विस्कटायचं काय?

आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, मूळचं बेळगावचं, आता इंदिरानगरमध्ये डबल रोडच्या आतल्या गल्लीत राहणारं. त्यांच्याकडे साडेचारशे लिटरची टाकी, त्यात शेपटीसकट २८ सेंटिमीटरचा लायनफिश आणि एक जांभळा डॉटीबॅक. लायनफिश त्यांच्याकडे अंगठ्याएवढा आला होता. यंदा त्यांच्या भावाची बदली झाली, त्याला आपली टाकी मोडायची होती, आणि त्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी होती. मादी सात सेंटिमीटरची, नर पाचचा. जोडीला जागा हवी होती, तीही महिन्याभरात. घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीने तर जागा ठरवूनही टाकली होती. मी टाकी बघायला गेले तेव्हा लायनफिश दगडाखाली पंख पसरून निवांत तरंगत होता. ती म्हणाली, "मावशी, हा काही करत नाही. नुसता झोपलेला असतो."

तिचं निरीक्षण खोटं नव्हतं. लायनफिश दिवसाचा बराचसा वेळ तसाच असतो. शिकार मात्र तो पाठलाग करून करतच नाही. तो पंखे पसरून भक्ष्याला हळूहळू कोपऱ्यात आणतो, जवळ जातो आणि जबडा पुढे फेकून तोंड एकदम उघडतो. तोंडाच्या आतली पोकळी अचानक वाढते, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर मासाही. चावण्याचा प्रश्न नाही, ओरबाडण्याचा नाही. आपल्या डोळ्यांना एवढंच दिसतं, की मासा होता आणि आता नाही. फ्रॉगफिशमध्ये हेच काम काही मिलिसेकंदांत उरकतं, म्हणजे आपली पापणी लवायच्याही आत. लायनफिशची आणखी एक लकब आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी नोंदवलं, की तो भक्ष्याच्या दिशेने तोंडातून पाण्याची हलकी धार सोडतो. लहान मासा प्रवाह आला की प्रवाहाकडे तोंड करतो. झालं, आता त्याचं डोकं आपोआप लायनफिशच्या तोंडासमोर आलेलं असतं.

म्हणून "शांत" या शब्दाचे दोन अर्थ लक्षात ठेवा. डॉटीबॅक शांत असेल तर ती चांगली बातमी, त्याने नव्या माशाला मान्य केलं आहे. लायनफिश शांत असेल तर त्यातून काहीच कळत नाही. दबा धरून बसणाऱ्याची शिकारही शांतच दिसते.

मग आधी काय बघायचं? तोंड. शिकारी माशाची लांबी नाही, स्वभाव नाही, दुकानदाराचं म्हणणं तर अजिबात नाही. त्याला कांडीवर कोलंबी देताना तोंड पूर्ण उघडतं, तेव्हा काचेबाहेरून फोटो काढा. त्या उघड्या तोंडाच्या उंचीशी लहान माशाच्या पाठीपासून पोटापर्यंतच्या उंचीची तुलना करा. लायनफिश स्वतःच्या निम्म्या लांबीएवढा मासा गिळू शकतो. फ्रॉगफिशची मजल तर जवळपास स्वतःएवढ्या माशापर्यंत जाते. पाच सेंटिमीटरच्या क्लाउनची अंगाची उंची दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. बेळगावकरांच्या लायनफिशच्या तोंडात अख्खं लिंबू गेलं असतं. तिथे हिशेब संपतो.

मोरे ईलच्या बाबतीत तोंड बघूनही फसायला होतं. तिचं डोकं अरुंद, तोंडाची पोकळी लहान, लायनफिशसारखं पाणी ओढून गिळणं तिला जमत नाही. पण तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येते, भक्ष्य पकडते आणि आत ओढून नेते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी २००७ मध्ये हे जगाला दाखवलं, तोपर्यंत असा प्रकार माशांत कुणी पाहिलेला नव्हता. सगळ्या मोरे सारख्या नाहीत, हेही खरं. स्नोफ्लेक मोरेचे दात बोथट, ती मुख्यतः खेकडे-कोलंबी फोडून खाते. तिच्याबरोबर चपळ मासे बऱ्यापैकी राहतात, शोभेची कोलंबी मात्र राहत नाही.

आता या ठिकाणी नेहमी एक जण उठतो आणि सांगतो, "माझ्याकडे लायनफिशबरोबर क्रोमिस राहतात, काही झालेलं नाही." मी विचारते, किती दिवस झाले? उत्तर बहुधा महिना-दोन महिने असं येतं.

थोडं गणित करू. समजा, एका दिवसात लहान मासा खाल्ला जाण्याची शक्यता शंभरात एक आहे. म्हणजे रोज ९९ टक्के सुरक्षित. ऐकायला छानच वाटतं. पहिल्या महिन्याअखेर तो जिवंत असण्याची शक्यता ७४ टक्के राहते. म्हणजे चारपैकी तीन जण खरोखरच सांगणार, की आमच्याकडे काही झालं नाही. पण हेच ३६५ दिवस चालवा. ०.९९ ला स्वतःशीच ३६५ वेळा गुणलं, की अडीच टक्के उरतात. वर्षाने शंभरातले दोन-तीन. एक टक्का हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे, तुमच्या टाकीत तो कमी-जास्त असेल. मुद्दा असा, की टाकीत संधी रोज नव्याने येते आणि शिकाऱ्याला एकदाच जमावं लागतं. शिवाय तो वाढतोही आहे. अंगठ्याएवढा आणलेला लायनफिश तीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, क्लाउनफिश आहे तेवढाच राहतो. "लहान मासे आधी सोडा, शिकारी सगळ्यात शेवटी" हा सल्ला बरोबर आहे, पण तोही हद्दीच्या भांडणापुरताच. तोंडाचं माप वाढतच राहतं.

कुणी म्हणेल, समुद्रात तर हे एकत्र राहतातच ना! राहतात. पण समुद्रात लहान माशाला पळून जायला जागा असते, आणि एक गेला तर अळ्यांच्या रूपाने नवे शंभर येत असतात. जिथे लायनफिश मुळातला नाही, तिथल्या माशांना त्याची ओळखच नसते, आणि तिथे काय झालं ते बघा. हा मासा हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला. अटलांटिकमध्ये तो पहिल्यांदा १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सापडला, आणि तो घरगुती टाक्यांतून सोडला गेला असावा असं मानलं जातं. पुढे बहामा बेटांजवळ मार्क आल्बिन्स आणि मार्क हिक्सन यांनी लहान लहान खडकांवर प्रयोग केला. काही खडकांवर लायनफिश ठेवला, काहींवर नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पाच आठवड्यांत लायनफिश असलेल्या खडकांवर नव्याने येणाऱ्या लहान माशांचं प्रमाण सरासरी ७९ टक्क्यांनी घटलं. ही गोष्ट उघड्या समुद्रातली. आपल्या टाकीला तर चारही बाजूंनी काच आहे. आणि मासा समुद्रात सोडू नका असं मी सुरुवातीला का म्हणाले, तेही यातून कळलं असेल.

लपायच्या जागांबद्दल लोक फार आशेने विचारतात. लपायच्या जागा हव्यातच, त्यांची मर्यादा मात्र ओळखा. १९५८ साली कॅलिफोर्नियात कार्ल हफेकर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी संत्री मांडली, त्यावर रस शोषणारी कोळी-कीड सोडली आणि तिला खाणारी दुसरी शिकारी कोळी-कीड सोडली. साध्या मांडणीत शिकाऱ्याने सगळं भक्ष्य संपवलं आणि मग तोही उपाशी मेला. मांडणी अडीचशे संत्र्यांपर्यंत वाढवली, वाटेत व्हॅसलिनचे बांध घातले, भक्ष्याला धाग्याला लटकून हवेबरोबर पसरता यावं म्हणून काड्या रोवल्या, तेव्हा कुठे दोघं बरेच दिवस एकत्र टिकली. तिथेही शेवटी डाव मोडलाच. भक्ष्याला वाचवलं ते बिळाने नव्हे, शिकारी पोचायच्या आत दुसरीकडे जाता येण्याने. चार फुटांच्या टाकीत दुसरीकडे म्हणजे कुठे जाणार? अरुंद भोकाचे दगड, पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे हे डॉटीबॅकपासून वाचायला उत्तम. लायनफिशला भोकाच्या तोंडाशी थांबायला भरपूर वेळ असतो.

मोठा मासा लहानाला गिळतो याला आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात. कौटिल्याने तो दंड नसलेल्या राज्यासाठी वापरला आहे. टाकीत दंड हातात घेणारे आपण असतो, आणि तो दंड म्हणजे बहुतेक वेळा एक काच.

काचेवरून म्योबियस आठवले. कार्ल म्योबियस हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्राणीशास्त्रज्ञ. १८६३ मध्ये हॅम्बुर्गला खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय सुरू करण्यात त्यांचा वाटा होता. पाइक नावाच्या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या टाकीत मधोमध काच घालून पलीकडे लहान मासे ठेवल्याचा प्रयोग त्यांच्या नावावर सांगितला जातो. पाइक काचेवर आपटून आपटून थकला, आणि पुढे काच काढली तरी त्या माशांच्या वाटेला जाईना. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत फार लाडकी आहे. मासे पाळणाऱ्याने मात्र तिच्यावर विसंबू नये. पाइक धडक मारणारा मासा, त्याला दर वेळी ठेच लागली. लायनफिश धडकच मारत नाही, मग तो शिकणार काय?

ही काच टाकीत ज्या रूपात येते तिला अॅक्लिमेशन बॉक्स म्हणतात. व्हिडिओ पाहिला असेल त्यांनी ती माझ्या हातात पाहिली आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. पारदर्शक अॅक्रिलिकची पेटी, बाजूंना भोकं, वरून झाकण, टाकीच्या आत काठाला अडकवायची. नवा मासा चार ते सात दिवस तिच्यात राहतो. पाणी तेच, दिसतं सगळं, अंगाला कुणी लागत नाही. डॉटीबॅक पहिल्या दिवशी पेटीवर तुटून पडतो, दुसऱ्या दिवशी येऊन-जाऊन असतो, चौथ्या दिवशी बहुधा आपल्या कामाला लागतो. मग झाकण उघडायचं. चौथ्या दिवशीही तो पेटीला चिकटलेला असेल तर उघडू नका. उलट करा, डॉटीबॅकला पेटीत घाला आणि नव्या माशाला टाकी फिरू द्या. पाच-सहा दिवसांनी डॉटीबॅक बाहेर येतो तेव्हा पाहुणा तो असतो. हा उपाय मला दगड हलवण्यापेक्षा जास्त खात्रीचा वाटतो, शिवाय दगड हलवले की तळातला गाळ उठतो तो उठतोच.

दिवे घालवून मासा सोडा, या सल्ल्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. ट्रिगर, डॅमसेल, डॉटीबॅक हे दिवसाचे मासे. दिवे गेले की ते कपारीत शिरून झोपतात, नव्या माशाला रात्रभर उसंत मिळते. तिथे हा सल्ला योग्य आहे. पण लायनफिशची शिकार मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, मोरेची रात्री. एडमंड हॉबसन यांनी १९७०च्या सुमारास हवाईच्या कोना किनाऱ्यावर पाण्यात उतरून संधिकाळाच्या नोंदी केल्या. सूर्य मावळल्यावर दिवसाचे मासे आपापल्या कपारीत गेलेले असतात, रात्रीचे अजून बाहेर आलेले नसतात, आणि मध्ये जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा काळ खडक ओस पडल्यासारखा दिसतो. लहान मासे त्या वेळी बाहेर राहत नाहीत, कारण शिकाऱ्याचे डोळे तेव्हा त्यांच्यापेक्षा चांगलं बघतात. म्हणजे तुमच्याकडे लायनफिश किंवा मोरे असेल आणि तुम्ही दिवे घालवून मासा सोडला, तर वेळ बरोबर उलटी निवडली. अशा टाकीत सकाळी, दिवे पूर्ण लागल्यावर आणि शिकाऱ्याला खायला घातल्यावर सोडावं. मासा अर्थातच त्याच्या तोंडात न मावणारा हवा.

आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला, की इंदिरानगरमध्ये एखादं झाड तारेवर पडतं आणि वीज जाते. भर प्रकाशातून टाकी क्षणात काळोखी होते. समुद्रात असं कधीच होत नाही. कपार शोधायला मिळणारा अर्धा तास लहान माशाला मिळत नाही, तो जिथे असेल तिथे मोकळ्यात अडकतो. त्यामुळे इन्व्हर्टरवर एअरपंप ठेवता तसा एक मंद दिवाही ठेवा. एरवीही दिवे एकदम बंद न करता तास-दीड तासात हळूहळू उतरतील असं बघा. आजकालच्या बऱ्याचशा एलईडीत ती सोय असतेच, फक्त कुणी वापरत नाही.

खायला घालण्याबद्दल एक गैरसमज. पोट भरलेला लायनफिश सुरक्षित असतो असं समजू नका. त्याचं पोट ताणलं जातं, आणि समोर आलेला घास सोडणं हे त्याच्या स्वभावात नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कोलंबीचे, माकुळाचे तुकडे कांडीवर द्यावेत, अधूनमधून खाऱ्या पाण्यातला लहान मासा. स्वस्त म्हणून गोल्डफिश देण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती वाईट आहे. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. शिवाय हलणारा जिवंत घास म्हणजेच जेवण, हा धडा आपणच त्याला देत असतो. आणि हात टाकीत घालताना लायनफिश कुठे आहे ते बघूनच घाला. त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

पिशवीतून मासा काढण्याबद्दलही जुनी समजूत अजून चालू आहे, की तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत राहावं. जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला त्याने फारसं बिघडत नाही. पण चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीची गोष्ट वेगळी. माशाच्या श्वासाने पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा माशाला पिशवी न उघडता तरंगत ठेवून तापमान जुळवा, खारेपणा आधीच मोजून विलगीकरणाच्या टाकीत तेवढाच करून ठेवा, आणि मग पिशवी उघडून मासा लगेच बाहेर काढा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

विलगीकरण चार ते सहा आठवडे. पांढरे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशावरून गळून तळाला कोश करतो, आणि त्यातले काही कोश उशिरा फुटतात. आजच्या विषयात याला जास्त महत्त्व आहे. अशक्त, झटके देत पोहणारा मासा शिकाऱ्याला सगळ्यात आधी दिसतो. निरोगी, खाता-पिता, टाकीच्या पाण्याला सरावलेला मासाच पेटीत जायला हवा.

बेळगावकरांच्या जोडीचं काय झालं, ते राहिलं. मी त्यांना सांगितलं, की या लायनफिशबरोबर ही जोडी ठेवता येणार नाही, पेटीत महिनाभर ठेवली तरी नाही. दादा म्हणाले, "ताई, दुसरी टाकी म्हणजे दुसरा चिलर, दुसरा स्किमर. एवढं नाही जमणार." त्याची गरज नव्हती. मोठ्या टाकीशेजारी ६० लिटरची छोटी टाकी बसवली आणि खालच्या सम्पमधून पाइपने जोडली. पाणी एकच, चिलर आणि स्किमर एकच, काचा दोन. पाणी एक म्हणजे रोगही एक, म्हणून जोडी आधी पाच आठवडे वेगळ्या टबात राहिली. मुलगी पहिल्यांदा हिरमुसली. निमोच्या सिनेमात सुरुवातीलाच बॅराकुडा आईला आणि अंड्यांना खातो, हे तिच्या लक्षातच नव्हतं. मुलं ते दृश्य सोयीने विसरतात. आता शाळेतून आली की ती लायनफिशला कोलंबी देते आणि मग छोट्या टाकीपुढे स्टूल ओढून बसते.

ज्यांना शिकाऱ्याच्याच टाकीत हालचाल हवी आहे, त्यांनी लहान मासा हा हट्ट सोडून तोंडात न मावणारा मासा बघावा. मोठा टँग, विषारी काट्यांचा रॅबिटफिश चालतात, टाकी तेवढी मोठी असेल तर. क्लीनर रासला बरेच शिकारी सोडून देतात, कारण तो त्यांच्या अंगावरचे परजीवी खातो. पण टाकीत त्याला तेवढं खाद्य मिळत नाही आणि बहुतेक उपाशी मरतात, म्हणून मी तो सुचवत नाही. क्लाउनफिश घ्यायचे तर पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, समुद्रातून ओढून आणायची गरज उरलेली नाही. प्रवाळ आणि समुद्री घोडे तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, कुणी देऊ केले तरी घेऊ नका.

शेवटचं, आणि हे बऱ्याच जणांच्या कामी येईल. सोडलेला लहान मासा एक दिवस दिसेनासा झाला, तर लगेच लायनफिशकडे बोट दाखवू नका. आधी टाकीमागची जमीन बघा. क्लाउनफिशसुद्धा उडी मारतात, आणि जाळीचं झाकण नसेल तर सकाळी ते सोफ्याखाली वाळलेले सापडतात. मग ओव्हरफ्लोची पेटी आणि सम्प बघा, तिथे जिवंतही सापडतो. पंपाची जाळी बघा. तिथेही नसेल तर अमोनिया तपासा. तो चढलेला असेल तर मासा दगडांत कुठेतरी मेलेला आहे, त्याला त्याच दिवशी शोधून काढा. अमोनिया शून्य असेल, जमीन कोरडी असेल, सम्प रिकामा असेल आणि लायनफिशने दोन दिवस कांडीकडे पाहिलंही नसेल, तर मग शोधायचं थांबा.